दूरचं बघा

टिळकवाडीतला डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला,
सुईकडं कमी बघा आता, दूरचं बघा.
म्हणून बुधवारी दुपारनंतर
संकेश्वरच्या दुकानाचं शटर ओढून
मी हिडकलच्या फुगवट्यावर येऊन बसतो.

माघ सरला की धरण मागं मागं जातं
आणि वाळूची एक ओली पट्टी सोडतं,
नुकतीच इस्त्री फिरवलेली.
तिच्यावर पाखरं.

दूरचं बघायला आलो
नि बघत बसलो त्यांना,
ज्यांना नखाएवढ्याशीच काम.

चिखल्या पळतो. थांबतो.
एक पाय ओल्या वाळूवर थरथरवतो,
कापड न लावता
मशिनचा पायटा हलवून बघावा तसा.
खालच्या अळीला काय वाटतं कोण जाणे,
ती हलते.
हलली की गेली.
मान तिरकी, एक डोळा खाली,
त्या डोळ्यावर त्याचं पोट.
मोजलं मी: पंधरा वेळा चोच मारली,
अकरा वेळा फुकट.
तरी तोंड पाडत नाही.

टिलवे मात्र बघतच नाहीत.
डोकं खाली, चोच आत-बाहेर, आत-बाहेर,
काठाकाठानं टीप मारत जातात.
काय असेल ती समज चोचीच्या टोकाला.
वाऱ्यानं पाणी वीतभर वर आलं की पळापळ,
उतरलं की परत त्याच शिवणीवर.

लगमण्णा फुगवलेल्या ट्यूबवर बसून
जाळ्याचा गुंता सोडवतो.
कानडीत विचारतो,
एवढं काय गावतं त्यांना उसकात?
मी मराठीत सांगतो, हुळ.
तो हसतो. शब्द त्याचाच.
माझ्या तोंडात कधी आला, ध्यानात नाही.

ऊन कललं, थवा उठला एका झटक्यात,
पांढरं अस्तर दाखवून वळला.
वाळूवर राहिले नुसते टाके,
दोरा नसलेले.

रात्री करंट गेला.
बेळ्ळदांच्या पोरीचा परकर सकाळी द्यायचा होता.
चष्मा काढून ठेवला.
दोरा ओठात ओला केला,
सुईचं नेढं बोटाच्या पेरानं शोधलं,
डोळे मिटूनच.
फुकट. फुकट. परत फुकट.
मोजायचं सोडलं,
तेव्हा कधीतरी गेला.

डॉक्टर परवा परत म्हणाला,
दूरचं बघता की नाही?
म्हटलं,
बघतोय की ओ.