तळटीप एकशे बारा

कुताइसीच्या अभिलेखागारात दुपारचं ऊन
चौथ्या टेबलापर्यंतच येतं.
तिथं बसून मी एका राजाचं आयुष्य तपासते,
प्रकाशक देतो पानामागे दीड लारी.

चरित्रकार भला माणूस, जुंबेर मार्गियानी.
पानोपानी घोडे, पानोपानी बर्फ.
एलगुजा राजाच्या मिशीवर गोठलेलं दव
त्यानं पाहिलंय,
पावणेतीनशे वर्षांनंतर, दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून.

'दव कुठून?' मी समासात लिहिते.
पेन्सिल मऊ, खोडता येईल अशी.

फौज पाच हजारांची, तो म्हणतो.
करवहीत खोऱ्यातल्या चुली सहाशे अकरा.
म्हणजे घरटी आठ तलवारी,
पाळण्यातली पोरंही धरली असतील.

राणीला नाव नाही.
'लावण्यवती' आहे, चार ठिकाणी.
नाव मला मेणाच्या हिशेबात सापडलं:
खोराशानकडून सव्वीस लित्रा, पैसे बाकी.
बाकी कधी फिटली का, हे
पुढची पानं उंदरांना ठाऊक.

असं दोनशे पानं चाललं.
मग आली तळटीप एकशे बारा.

शत्रू पाठीवर, राजा जखमी,
सैनिक मशाली घेऊन पुलाच्या तोंडाशी,
आणि तो म्हणतो,
'पूल जाळू नका. मागून कुणी येत असेल.'

शाळेत हे वाक्य आम्ही
हात पाठीमागे बांधून म्हणायचो.
मागच्या बाकावरचा झाझा दरवेळी रडायचा.

ऋषीचं कूळ, नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मला त्याचेच पैसे मिळतात.
तळटीप बोट दाखवते अठ्ठावन सालच्या पुस्तकाकडे,
ते पुस्तक चौतीसच्या पंचांगाकडे,
पंचांग म्हणतं, 'वृद्धांकडून ऐकलेलं.'
वृद्धांना नावं नाहीत, राणीसारखीच.

मार्शुत्कानं चार तास, पुढे चिखल.
शाळेच्या कपाटात, जिम्नॅस्टिक्सच्या फाटक्या गादीखाली
एक वही: मुलांसाठी नाटुकलं, सन एकोणीसशे एकतीस,
लेखन पेलागिया, इयत्ता दुसरीच्या बाई.

राजाच्या तोंडी आधी होतं, 'माझा सूड घ्या.'
ते खोडलेलं.
मग, 'देऊळ वाचवा.'
तेही खोडलेलं, आणि कुणीतरी दुसऱ्या शाईनं
त्या खोडण्यावर पुन्हा रेघ ओढलेली.
मग समासात, तिरकं, घाईत,
बहुधा घंटा झाली असेल,
'पूल जाळू नका.'

आणि पूल?
गवंड्याचा करारनामा आहे माझ्याकडे.
पूल बांधला राजा मेल्यावर नव्वद वर्षांनी.
त्याआधी तिथं उतार होता,
गुडघाभर पाणी, उन्हाळ्यात तेही नाही.

जुंबेरचा फोन आला रात्री.
'दव काढतो. फौज अर्धी करतो. राणीचं नाव घालतो.
तेवढं वाक्य राहू द्या, बाई.
तेवढ्यासाठी तर पुस्तक लिहिलं.'

मी म्हटलं, बघते.
म्हटलं नाही ते असं:
माझे वडील घाटात बर्फ हटवायचे, एकतीस हिवाळे.
सगळ्या गाड्या उतरल्या तरी
अडसर टाकायला अर्धा तास उशीर करायचे.
त्यांच्या दगडावर मी हेच वाक्य कोरून घेतलंय,
खाली राजाचं नाव.
गवंड्यानं अक्षरामागे चार लारी घेतले होते.
तेव्हा मी आधार विचारला नव्हता.

सोमवारी अहवाल दिला.
'एलगुजानं हे म्हटल्याला पुरावा नाही.
म्हणणारी सापडली आहे. वही सोबत.'
शाईनं लिहिलं.

रविवारी टेकडीवर गेले.
वाक्यावरचं शेवाळ नखानं काढलं,
वाक्य तसंच ठेवलं.
गवंड्याला म्हटलं, राजाचं नाव घासून टाक,
त्या जागी घाल: पेलागिया.

आमच्या लिपीत सात अक्षरं.
अठ्ठावीस लारी.
पावती मागून घेतली.