निकट लाइन चल

फक्कीचे तेहतीस गोल आखले मैदानावर,
दोरी धरून, सहा सहा फुटांवर.
संध्याकाळी आदेश आला: पंधराच.
सकाळी दुसरा: एकही नाही.
एका गोलात कुत्रं येऊन बसलं, नियमात.

मग परेड फोनवर.
मुंजाजी टाकीवर चढून सॅल्यूट ठोकायचा,
रेंज गेली की हात कपाळालाच अडकलेला.
शगुफ्ताचे नुसते बूट दिसायचे,
फोन ज्वारीच्या पोत्याला टेकवलेला.
मी खुर्चीतून ओरडायचो, दाहिने मूड!
आतून बायको: हळू, शेजारी पॉझिटिव्ह आहेत.

प्रज्ञाशीलचा चौकोन जूनपासून काळाच.
फोन विकला म्हणे, आईच्या ऑक्सिजनला.
त्याची हजेरी मी लावत राहिलो.
शिस्तभंग. मान्य.

आज सेलूच्या मैदानावर सगळे.
पँटी घोट्याच्या वर, पोरांचे आवाज फुटलेले,
प्रज्ञाशील शेवटच्या रांगेत, साध्या कपड्यांत.
दोन वर्षं खुली लाइन,
कुणी आज्ञा न देता.
मी घसा खाकरला:
निकट लाइन, चल!

कुणी हललं नाही.
शगुफ्तानं खाली पाहिलं,
जिथे फक्की नव्हतीच आता,
आणि गोल ओलांडावा तसा
पाय उचलून टाकला.