हजारी

चौथ्यांदा अंगठा नाकारला यंत्राने.
बँकेतला मुलगा म्हणाला, काकू, हात कोरडा करा.
आईने पदराला पुसला.
मी म्हटलं, ओल नाही हो ती.
रेषाच नाहीत.

तिने दोन्ही पंजे काउंटरवर ठेवले,
जसं सूप ठेवायची कामतघरच्या ब्रँचला
मुकादम रामुलूपुढे,
त्याने हात घालायच्या आधीच मान खाली घालून.

आमच्या पद्मानगरात पहाट व्हायची ती खोकल्याने.
मग लूम सुरू, मग काहीच ऐकू नाही.
बाप तिकडे धोट्याच्या तालात,
आई दाराशी, मांडीवर सूप,
शेजारी अंबव्वा, तिच्या पलीकडे पोशव्वा,
तिघींच्या मधोमध एकच दिवा, एकच कानोसा.
रात्री भिजवलेली पानं गोणपाटात झोपलेली,
आम्ही त्यांच्याशेजारी.
पान गोंदियाकडचं, तंबाखू निपाणीची.
दोन्ही गावं आईने पाहिली नाहीत,
पण पुडकं फोडताच सांगायची
यंदा तिकडे पाऊस लांबला म्हणून.

पत्र्याचा साचा पानावर, कडेने कातर,
चिमूटभर तंबाखू, अंगठ्याची एक लाट,
दोऱ्याचे तीन वेढे.
तोंडं मुडपायला आम्ही पोरं.
शाळेतून आलं की शंभर तोंडं मिटायची,
मग खेळायला.
माझी अजून मिटतात झोपेत, बायको सांगते,
बोटं चालूच असतात.

धाकटा अंगावर पिईना.
लिंबाने चोळले हात, राखेने चोळले,
शेवटी अंबव्वाने पाजला त्याला.
तिचेही हात तसलेच होते.
त्याने का ऐकलं तिचं, कुणाला कळलं नाही.

फॉर्मवर रकाना होता: कामाची एकूण वर्षं.
कार्डावर अकरा.
कारण कार्ड एक आणि बायका दोन,
हजारातल्या पाचशे आईच्या नावावर,
उरलेल्या पाचशे
कुणाच्याच नाही.
मी विचारलं, खरी किती?
ती म्हणाली, तुझ्या मोठ्या बहिणीपासून धर,
ब्रँचला कुलूप लागलं तोवर.
चौतीस.

थांबायचंच होतं, तर फॉर्मच्या पाठीमागे
पेन्सिलीने मांडलं:
रोजच्या नऊशे, वर्षाचे तीनशे दिवस,
गुणिले चौतीस.
एक्क्याण्णव लाख ऐंशी हजार.
वाचून दाखवलं.
आई घाबरलीच.
खोडून टाक, म्हणाली,
एवढ्या कोण ओढेल?

मुलगा तोवर एकेक बोट लावून बघत होता.
तर्जनी नाही. मधलं नाही.
अनामिकेवर यंत्र जरा रेंगाळलं, मग तेही नाही.
आणि डावी करंगळी ठेवली
तर हिरवा दिवा.
करंगळीला तिथे काम नसायचं.
सगळ्या घरात ती एकटीच सुखात वाढली.
आईने तिच्याकडे असं पाहिलं
जसं माहेरच्या आगाऊ पोरीकडे.

बाहेर वऱ्हाळदेवी तलावाशी
नारळपाण्याला थांबलो.
सहज विचारलं, तू कधी ओढलीस?
छे, म्हणाली.
मग नळी तोंडातून काढून:
एकदा.
रामुलूने पुरं सूप छाट केलं त्या दिवशी.
कच्ची बांधणी म्हणाला, हजारच्या हजार,
आणि छाट आपल्याच पिशवीत भरली.
एक माझ्या मुठीत राहिली होती.
संडासामागे जाऊन पेटवली,
म्हटलं बघू तरी, खरंच इतकी वाईट आहे का.

मग?

आईने पाण्याकडे पाहिलं बराच वेळ.
चांगली होती, म्हणाली.
शेवटपर्यंत विझली नाही.

आणि रिक्षावाल्याशी
दहा रुपयांवरून
तेलुगूत भांडायला लागली.