रंग पक्का होता

येळ्ळूरच्या शिवारात त्याला नाव नाही.
दोन बांधांच्या मधून झिरपतो,
चप्पल न काढता ओलांडता येतो.
भरमू लाड म्हणतो, हे आमच्या विहिरीचं उष्टं.
तिथं खेकडा अजून बिळाच्या तोंडाशी
चिखलाच्या गोळ्या रचून ठेवतो,
आणि ढोकरी उडेपर्यंत
ढेकूळच असते.

वडगावात शिरला की नावं पडतात.
आम्ही नाला म्हणतो, पलीकडची गंगव्वा हळ्ळ,
पालिकेच्या कागदावर तो राजकालुवे.
राजाचा कालवा!
गंगव्वानं पदर तोंडाला लावला होता,
हसू आलं म्हणून,
की वास आला म्हणून, कोण जाणे.

तेव्हा माग रात्रीही चालायचे.
बाबा सूत रंगवायचे.
पाणी बघून गल्ली सांगायची
आज कुणाच्या मागावर काय चढलंय.
लग्नसराईत हळदी, मग जांभळा,
एकदा आठवडाभर नुसता मोरपंखी.
मला ते फार आवडायचं.
वहीचं पान फाडून होडी सोडायची,
मोरीपाशी पळत जाऊन उचलायची,
आणि बघायचं
खालून ती कुठल्या रंगाची झाली.

मासे कधी गेले ते मला सांगता येत नाही.
थोरली काकी पंचा धरून मळे पकडायची म्हणे,
मीठ-हळद घरातून आणेपर्यंत टोपलं भरायचं.
मी मोठी झाले तेव्हा ते नव्हतेच,
नसलेलं हरवत नाही.
बाबांना एकदाच विचारलं.
कढईतली लड काठीनं फिरवत ते म्हणाले,
रंग पक्का होता.
एवढंच.

आता माग भंगारात गेले.
पाण्याला येतो तो सगळ्या घरांचा मिळून
एकच करडा.
तरी थंडीत शेकाट्या येतात,
लालचुटूक काड्यांवर अंग तोलत
गाळातल्या तांबड्या अळ्या वेचतात.
किळस आपल्याला. त्यांना ते जेवण.
जलपर्णीवर जांभळी फुलं,
खाली एक चप्पल, एक फुटका गणपती,
काठावर पाणकणीस, कुणी न लावलेलं.

मग हलग्याकडं, हायवेच्या पोटातून,
पूर्वेला.
इथल्या कुठल्याच मोर्चात तो कधी नव्हता.
उतार तिकडं आहे, म्हणून तिकडं.

गेल्या श्रावणात मोरीला जलपर्णीचं बूच बसलं
आणि तो उलटा फिरला,
भरमूच्या बासमतीत नऊ दिवस झोपला.
दहाव्या दिवशी भात काळं पडलं होतं.
भरमू काही बोलला नाही, बिडी ओली होती.
बांधावरून खाली उतरलो
तर ट्रॅक्टरच्या चाकोरीत, टीचभर पाण्यात,
बोटाएवढा एक मासा.
कुठून आला? मार्कंडेय नदीतून,
एवढी मोरी, एवढं गटार चढून?

मी वाकून बघितलं.
अंगावर त्याच्या कुठलाच रंग नव्हता,
आतला काटासुद्धा दिसत होता.

भरमूनं चाकोरी टाळून
लांबचा फेरा घेतला.