स्पष्टीकरण दोन

कंपूच्या ठाण्यात पंखा फिरतो, वारा लागत नाही.
दीवान विचारतो,
‘फोटो खिंचवाते वक्त राजी थी?’

ऋजुता ग्वाल्हेरात वाढलेली,
हिंदी तिची माझ्याहून सफाईदार,
तरी वळते माझ्याकडे, मराठीत पुटपुटते:
‘मावशी, काढताना हो.
पाठवताना नाही.’

कागदावर रकाना एकच.
त्याचं पेन ‘हाँ’वर टेकलेलं.

तीस वर्षं मी इथल्याच कोर्टात टायपिस्ट.
कार्बन लावून लावून लोकांची अब्रू
तीन तीन प्रतींत काढली,
संध्याकाळी बोटं निळी घेऊन
घरी येऊन कणीक मळली.
आता कलमांचे आकडे बदललेत. बदलू देत.
म्हटलं, दीवानजी, सत्त्याहत्तर काढा.
अजून खाली. बारीक अक्षरांत.
स्पष्टीकरण दोन.

तो बोट ठेवून वाचतो, ओठ हलवत.
थांबतो. पुन्हा पहिल्यापासून.
पेन उचलतो.

बाहेर स्कूटी चालू होईना.
किक मारता मारता विचारते,
‘ते दोन नंबरचं…
माझंच वाक्य ना गं?’

हो, म्हटलं.
तुझ्याआधी कुणीतरी
असंच पुटपुटली असणार.

मार किक.