गुडघे

वांचाकोच्या किनाऱ्यावर
लव्हाळ्याच्या होड्या उभ्या करून वाळवतात,
नाकं आभाळात खुपसलेली.
एलेउतेरिओ आजोबांची त्यातली तिसरी,
शेपटाला निळी दोरी बांधलेली.

होडी म्हणजे काय, दोन मोठे भारे, दोन लहान,
करकचून आवळलेले.
महिन्याभरात पाणी पिऊन जड होते.
मग उकलायची, जुना भारा आजी कोंबड्यांखाली अंथरते,
आजोबा नवी बांधायला बसतात.
"किती बांधल्या आजवर?"
"जेवणं मोजतेस का तू?"

माझा बोर्ड फायबरचा, लिमाहून आणलेला,
अजून पाच हप्ते बाकी.
मी लाटेवर उभी राहते. पडते. उभी राहते.
संध्याकाळी हिशेब: अकरा लाटा, त्यातल्या चार शेवटपर्यंत.
आजोबा मोजत नाहीत. उभेही राहत नाहीत.
गुडघ्यांवर बसून येतात,
हातात बांबूची उभी चिरलेली फाक,
पाठीशी जाळ्यात चार मासे, एखादा खेकडा,
लाट म्हणजे जणू घरी नेणारी शेवटची बस.

टेकडीवर चर्च आहे.
विल्मेरमामा बुडाला त्या वर्षापासून
आजोबा तिथं चढलेले नाहीत.
पाद्री घरी आले, आजीनं कॉफी केली.
"गुडघे दुखतात, फादर," आजोबा म्हणाले.
दुसऱ्या दिवशी पहाटे होडी घेऊन गेले.

जूनमधली एक सकाळ. धुकं असं
की स्वतःचा हात परका वाटावा.
आम्ही दोघं लाटांच्या पलीकडे, किनाऱ्याकडे पाठ करून.
खूप वेळ काहीच आलं नाही.
मी बोर्डावर बोटं वाजवत होते.
"वाजवू नकोस."
एक पेलिकन धुक्यातून आला, धुक्यात गेला.
मग ते म्हणाले, हवापाण्याचं बोलावं तसं,
"तो इथं गेला. या इथं."
आणि ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.

इतकी वर्षं मी समजत होते
ते मासे धरायला जातात.

मग ती आली. आधी दिसली नाही,
खालच्या पाण्यानं नुसता श्वास ओढला.
आजोबांनी फाक दोनदा मारली
आणि गुडघे टेकले.
हरलेला माणूस टेकतो तसे नव्हेत.
वेदीसमोर टेकतात, तसेही नव्हेत.
पोरगं शाळेला निघालं
की त्याच्या बुटाची नाडी बांधायला
बाप दारात टेकतो, तसे.

त्या लाटेवर मला उभं राहता आलं असतं.
मी बोर्डावर पालथीच पडून राहिले,
त्यांची पाठ धुक्यात विरघळेपर्यंत
आणि नंतरही.

किनाऱ्यावर पोचले तेव्हा
त्यांनी होडी उभी करून ठेवली होती,
तिच्यातून पाणी निथळत होतं, थांबत होतं, निथळत होतं.
"हप्ते किती राहिले गं?" त्यांनी विचारलं.
मला आकडा आठवेना.