पिवळं पाणी

एकेचाळीस नंबरचं रक्त मीच काढलं होतं,
मेडिकलच्या जुन्या ओपीडीत, कूलरच्या शेजारी,
म्हणून नंबरामागचा माणूस मला ठाऊक आहे.
ठाऊक असायला नको.
सुखदेव हेडाऊ. गोळीबार चौक.
घरी हातमाग होता, आता पिशव्या शिवतो.
बारा वर्षं काविळीचा विषाणू सांभाळून आहे.
सुई टोचताना म्हणाला,
"बाई, काढूनच राह्यल्या तं थोडं जास्त काढा.
आत राहून ते तरी काय करून राह्यलं!"

तेव्हापासून तो उणे ऐंशीला आहे.
मे महिन्यात दोनदा लाइट गेली,
दोन्ही वेळा मी जनरेटरच्या खोलीकडे धावले
ओढणी डोक्याला गुंडाळून, भर दुपारी,
एका माणसाचं अर्धा चमचा सीरम
वितळू नये म्हणून.

आज प्लेट लावली. शहाण्णव घरं.
आठ आडवी, बारा उभी. प्रत्येकाला दोन.

रक्तात निरोप फिरत असतात.
आला, धावा, इकडे, अजून माणसं पाठवा.
मी आज शोधतेय तो यातला नाही.
इंटरल्यूकिन दहा.
तो म्हणतो: पुरे. हळू. आपलंच घर पेटेल.
आठ दिवसांच्या तापात हे शहाणपण.
पण बारा वर्षं रोज कोणी पुरे म्हणत राहिलं
तर पहारेकरी खाली बसतो,
काठी मांडीवर आडवी,
आणि चोर शेजारी येऊन विडी मागतो.

(हे अहवालात लिहिता येत नाही.
तिथे लिहायचं: पातळी वाढलेली आढळली.)

पाच वेळा धुतलं. रंगाचं द्रावण टाकलं.
आधी निळं येतं, शाईच्या दौतीत पाणी ओतल्यासारखं.
मग आम्लाचा थेंब, आणि एका क्षणात
सगळं पिवळं.

इथे दर वेळी मला बाबा आठवतात.

बाबा कुहीला कावीळ उतरवायचे.
बुधवारी आणि रविवारी, ओसरीवर,
पितळेची परात, चुन्याचं पाणी, आंब्याची साल.
माणसाचे हात चोळत राहायचे, आणि पाणी पिवळं होत जायचं.
उतरली, म्हणायचे. बाया रडायच्या.
मी नऊ वर्षांची. म्हटलं, माझेही हात धुवा.
मला काही झालं नव्हतं.
पाणी पिवळं झालं.
बाबांनी परात उचलली, चिंचेखाली नेऊन ओतली,
आणि त्या रविवारी आलेले नारळ
कोणी फोडले नाहीत.

म्हणून मी आधी कोरी घरं बघते,
ज्यांत कोणाचंच रक्त नाही.
ती कोरी राहिली
तरच बाकीच्यांवर विश्वास.

आज कोरी आहेत.
एकेचाळीसची दोन्ही घरं गर्द,
पिकलेल्या लिंबाच्या पलीकडची.
पण एका माणसाचा यातून काही निकाल लागत नाही.
ऐंशी ठिपक्यांत तो एक ठिपका,
रेघ कुठून जाते ते सर बघतील,
आणि संमतीपत्रावर, तिसऱ्या पानावर, लिहिलंय
की याचा रुग्णाला थेट उपयोग नाही.
त्यावर त्याची सही आहे. ळ सारखी दिसणारी.

यंत्र आकडे छापत होतं तेव्हाच तो आला.
औषधाच्या रांगेतून, घामेजलेला,
दाराच्या काचेला नाक लावून.
"हे माह्यं व्हय का? पिवळं?"
मी हो म्हणाले नाही. नाही म्हणाले नाही.
"मंग उतरली का, बाई?"

तोच शब्द.
चाळीस किलोमीटर आणि पंचवीस वर्षांवरून.

"नाही," मी म्हणाले. "गोळी चुकवू नका."
त्यानं मान हलवली, वाईट वाटल्यासारखी नाही,
कोणी खरं भाव सांगितल्यासारखी.
टेबलावर एक पिशवी ठेवली, निळ्या काठाची. "भाजीले होईल."

प्लेट लाल डब्यात टाकली.
हातमोजे काढले, बेसिनवर हात चोळून धुतले.
पाणी
जसं आलं तसंच गेलं.